हळूचा पॉइंट

टक्.

दुपारची जेवणं उरकली होती आणि घर असं काही गप्प झालं होतं, की पुढच्या सोप्यातल्या भिंतीवरचं बटन दाबल्याचा आवाज पार मधल्या खोलीपर्यंत ऐकू आला. संयोगितानं मान वर केली. पुन्हा टक्. थोडं थांबून पुन्हा एकदा.

"शिवू, काय चाललंय गं तिथं?"

"काही नाही. लाल दिवा लावतेय."

"बटनाशी खेळायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय तुला!"

समोर आई, म्हणजे मनुबाई, आबांचे सदरे घडी घालून ठेवत होत्या. पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवरून त्यांनी हात फिरवला आणि मान खालीच ठेवून त्या म्हणाल्या, "खेळू दे. तेवढाच वापर हुतोय त्याचा."

आई टोमणे मारणाऱ्यातली नव्हती. बोलून गेली आणि पुढचा सदरा हातात घेतला. पण संयोगिताच्या हातातलं धोतर तसंच अर्धवट दुमडलेलं राहिलं.

आबांना, तिच्या वडिलांना, जाऊन सोळा दिवस झाले होते. तेरावा झाला, पाहुणे पांगले, भाऊ जयराज सुट्टी संपवून जम्मूकडे त्याच्या पलटणीत परत गेला. संयोगिताही साताऱ्याला जाऊन दोन दिवस शाळेवर हजेरी लावून आली होती. आज शनिवार. सकाळची शाळा सुटल्या सुटल्या लेकीला, शिवांजलीला, गाडीत घालून ती एकटीच निघाली. नवऱ्याला, राजवर्धनला, कंपनीत दुसरी पाळी होती. कराड सोडलं, ताकारी मागं पडली, पलूसच्या अलीकडं गावचा फाटा आला, आणि फाट्यावर तिच्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच कुणी फोन करून "कुठपतूर आलीस?" असं विचारलं नाही.

ही गाडी तिच्याच हट्टानं घरात आली होती.

त्याआधी त्यांची जुनी पेट्रोलची गाडी होती. सातारा ते माहेर पंचाण्णव किलोमीटर, जाऊन-येऊन एकशे नव्वद. गाडी लिटरला पंधरा द्यायची, तीही मन लावून चालवली तर. म्हणजे एका फेरीला तेराशे रुपयांचं पेट्रोल. तेराशे म्हणजे शिवूच्या शाळेच्या रिक्षाचा महिना. हा हिशोब कुणी तिच्यापुढं मांडला नव्हता, राजवर्धन तर कधी एका शब्दानं बोलला नव्हता. पण संसार करणाऱ्या बाईच्या डोक्यात असले आकडे आपोआप मुक्कामाला येतात. माहेरची आठवण आली की पाठोपाठ तेराशे आठवायचे. मग ती फोनवर म्हणायची, "पुढच्या महिन्यात बघते, आबा."

पण जायची तेव्हा राहायची. राजवर्धनच म्हणायचा, "एवढं पेट्रोल जाळून आलोय, तर दोन दिवस टेकू तरी." शनिवारी दुपारी आलेली गाडी सोमवारी पहाटे हलायची. आबा अंगणात बाजेवर पडून शिवूला सियाचीनच्या गोष्टी सांगायचे. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या गोष्टीतला बर्फ दर वेळी हातभर वाढायचा. निघताना ते शिवूच्या मुठीत पाचशेची नोट कोंबायचे. "पेट्रोलला," एवढंच म्हणायचे. लेकीला पैसे दिले तर जावयाला लागेल, नातीला दिले तर कुणाला काय लागायचं? सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे शिवूच्या मुठीकडं बघायचं टाळायचे.

मग इलेक्ट्रिक गाड्यांचं वारं आलं. संयोगितानं पाठ टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली आणि रात्रीच्या जेवणाच्या ताटाशेजारी ती वही उघडून ठेवली.

"घरच्या लाईटवर किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोलला सात. माहेरची फेरी तेराशेच्या जागी चारशेत."

राजवर्धननं घास तोंडात तसाच ठेवून पान वाचलं. "म्हणजे गाडी माहेरासाठी घ्यायची आहे, असं सरळ म्हण की."

"मग? सासर तर तीन किलोमीटरवर आहे. तिथं मी चालत जाते."

तो हसला, आणि तो हसला म्हणजे झालंच. दिवाळीला गाडी आली. त्याच संध्याकाळी तिनं फोन लावला. "आबा, आता बघाच. दर पंधरा दिवसांनी येते."

"दर पंधरा दिसांनी?" पलीकडं आवाज चढला. "आन् खर्च?"

"चारशे रुपये."

"चारशेत जाऊन-येऊन? ताई, एश्टीला बी जास्त लागतंय की गं!"

दुसऱ्या दिवशी ही चारशेची बातमी गावात पारावर, डेअरीत, सोसायटीत सगळीकडं पोहोचली. आणि गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा बाजारातून आणलेल्या बैलाभोवती फिरावं तसे आबा तिच्याभोवती फिरले. मागं वाकून बघितलं.

"धूर कुठनं सोडती ही?"

"धूरच नाही आबा. सायलेन्सरच नाही हिला."

"मग चालू हाय का बंद हाय, कसं कळायचं?"

"तुमच्या जावयासारखं," आई दारातूनच म्हणाली. "समोर जाऊन बघाय लागतंय."

सगळे खो खो हसले, राजवर्धन सगळ्यांत जास्त. त्या संध्याकाळी निघताना आबांनी सवयीनं खिशात हात घातला आणि संयोगितानं त्यांचा हात धरला. "आता नको आबा. आता पेट्रोल लागत नाही." तिला वाटलं, आपण त्यांचे पैसे वाचवले. आबा त्या नोटेकडं बघत क्षणभर उभे राहिले. आता ती कुठल्या नावानं द्यायची, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी नोट पुन्हा खिशात गेली.

बोलल्याप्रमाणे ती खरंच येऊ लागली. दर पंधरा दिवसांनी नाही, पण महिन्याला एकदा नक्की. रविवारी सकाळी सातला निघायची, साडेनऊला अंगणात. जेवण, गप्पा, आईशी चार सुखदुःखाच्या गोष्टी, आणि चार वाजले की चप्पल शोधायची. फेरी महाग होती तेव्हा ती राहून वसूल करावी लागायची. स्वस्त झाली आणि राहायचं कारणच संपलं. पुढच्या महिन्यात परत यायचंच आहे की! हे असं घडतंय, हे तेव्हा तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आबांच्या मात्र आलं असावं.

आणि वहीच्या मागच्या पानावरच्या त्या हिशोबात एक गोम होती. गाडी एका दमात एकशे नव्वद किलोमीटर जात नव्हती. महामार्गावर, एसी लावून, दीडशे झाले की बस. म्हणजे येताना नाहीतर जाताना, कुठंतरी भरावी लागणारच. कराडजवळ एका हॉटेलाच्या आवारात फास्ट चार्जर होता. तिथं पाऊण तासात काम व्हायचं, पण घरी दहा रुपयांना पडणारं युनिट तिथं चोवीस रुपयांना. चारशेची फेरी साडेसहाशेवर जायची. "असू दे, तरी पेट्रोलच्या निम्म्यात," राजवर्धन म्हणायचा. चारशे खरे व्हायचे असतील तर गाडी माहेरच्या अंगणातच, साध्या लाईटवर भरायला हवी होती. आणि साध्या लाईटवर ती सावकाश भरायची.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला आबाच म्हणाले, "अहो पाव्हणं, कराडात कशाला पैसं घालवायचं? इथं लावा की वायर."

राजवर्धन वाटीतली बासुंदी चाटूनपुसून संपवत होता. तो म्हणाला, "नको आबा. सासऱ्याच्या मीटरवर गाडी चालवायला लागलो, तर लोक मला घरजावई म्हणतील."

थट्टाच होती ती. आबासुद्धा मांडीवर थाप मारून हसले. विषय तिथंच मिटला, असं संयोगिताला वाटलं. मनातून तिला बरंही वाटलं, कारण तिच्या नवऱ्याचा ताठा तिला माहीत होता. हसत बोलतो, पण बोलतो ते खरं बोलतो.

तीन आठवड्यांनी आबांचा फोन आला. शाळेची मधली सुट्टी होती, व्हरांड्यात पोरांचा कालवा चाललेला.

"ताई, पॉइंट घेतला."

"कसला पॉइंट?"

"गाडीचा गं! सोप्यात. हरिबा वायरमन आलता. मीटरपासनं जाड वायर वढली, अर्थिंगला खड्डा काढून पत्रा पुरला, मीठ-कोळसा घातला. आन् वर येगळा मीटर बसीवला बघ, छोटा. जावयाला सांग, फुकट न्हाई. जेवढी युनिटं खाईल तेवढं पैसं मोजून घेनार."

त्यांचा आवाज असा फुलला होता की पोरांच्या गलक्यातही तो स्पष्ट ऐकू येत होता. घरजावयाच्या थट्टेवर त्या माणसानं तीन आठवडे विचार केला होता आणि त्यावर चक्क एक मीटर शोधून काढला होता.

पुढच्या रविवारी ती शिवूला घेऊन आली तेव्हा आबांनी चप्पलसुद्धा काढू दिली नाही. हाताला धरून भिंतीपाशी नेलं. नवं पांढरं खोकं, त्यावर लाल दिवा, खाली जाड तीन भोकांचं सॉकेट, वर काचेआड आकड्यांची चाकं. सगळी शून्यं, फक्त शेवटच्या तांबड्या घरात तीन. "ते हरिबानं मिक्सर लावून बघितलं, त्येचं," आबांनी प्रामाणिकपणे खुलासा केला.

संयोगितानं वाकून सॉकेट बघितलं. आणि ती जे बोलली, ते आठवलं की आता तिला स्वतःच्या जिभेचा राग यायचा.

"आबा, हा तर पंधरा अँपिअरचा आहे. याच्यावर अख्खी रात्र जाईल. बसवायचाच होता तर मोठा बसवायचा. तीन-चार तासांत झालं असतं."

आबांनी पॉइंटकडं बघितलं, मग तिच्याकडं. "व्हय का? न्हाई बा कळलं मला."

"हरिबाला तरी विचारायचं."

"त्याला बी काय कळतंय," आबा म्हणाले आणि कानाची पाळी खाजवू लागले.

शिवू त्यांच्या धोतराला लोंबकळत होती. "आबा, आज दाखवणार ना? पाईप शिंकतो ते?"

"दाखवतो की. पर त्याला पहाटं उठाय लागतंय. शेतीची लाईट पाचला येती. मोटार चालू झाली का पाणी यायच्या आधी पाईप असा हुंकारतो, मग हाऽऽक् शीं! आन् भसाकदिशी पाणी."

"मग आज राहू या! आई, राहू या ना!"

"बाळा, उद्या शाळा आहे. तुझीपण आणि माझीपण."

"पहाटं पाईप बघून सातला निघालीस तरी शाळंला पोचशील की," आबा म्हणाले. ते शिवूच्या केसांतला चाप सरळ करत होते, संयोगिताकडं बघत नव्हते. "तवर गाडी बी भरलेली असंल."

खरंच पोहोचली असती. शाळा अकराची होती. पण घरी कपड्यांचा ढीग होता, वह्या तपासायच्या होत्या, सोमवारची भाजी निवडायची होती. असल्या बारीकसारीक गोष्टींचा केवढा डोंगर वाटतो त्या वेळी! "पुढच्या खेपेला नक्की," ती म्हणाली. चार वाजता ती निघाली.

कराडच्या चार्जरवर पुढं दोन गाड्या होत्या. शिवू चिप्सचं पाकीट फोडून मागच्या सीटवर बसलेली. सव्वासहाला आबांचा फोन आला.

"पोचलीस का गं?"

"नाही अजून. कराडला चार्जिंगला थांबलोय. दोन गाड्या पुढं आहेत."

पलीकडं आबा हसल्यासारखं करत म्हणाले, "इथं कुणीच नव्हतं की पुढं."

ती पण हसली. साडेसातपर्यंत ती त्या आवारात थांबली. पाचशे रुपये दिले आणि निघाली.

त्यानंतर ती आणखी दोनदा आली. एकदा राजवर्धनबरोबर, एका लग्नाच्या निमित्तानं, दोन तासांसाठी. एकदा हुरड्याला. दोन्ही वेळा आबांनी पॉइंटचा विषय काढला नाही. फक्त गाडी अंगणात शिरताना ते हात हलवून हलवून तिला सोप्याच्या भिंतीलगत लावायला सांगायचे, "अजून मागं, अजून मागं, हां, आता बास," की वायर पोचावी. आणि ती गाडी तिथं लावायची, उतरायची आणि कुलूप करायची.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी मोटार चालू करायला गेलेले आबा विहिरीजवळच्या बांधावर बसले ते बसलेच. मिरजेच्या दवाखान्यात न्यायला गाडी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोन आला तेव्हा संयोगिताची गाडी बावीस टक्क्यांवर होती. आदल्या रात्री लावायची राहून गेलेली. शेजाऱ्यांची पेट्रोलची गाडी घेऊन ते निघाले. अडीच तासांचा तो रस्ता कितीला पडला, हे आजतागायत तिला माहीत नाही.

टक्, बाहेर पुन्हा आवाज झाला.

संयोगितानं धोतराची घडी पुरी केली. ते बोचक्यात ठेवलं. मग म्हणाली, "आई, त्या हरिबानं आबांना फसवलंच. एवढा खर्च करायला लावला आणि पॉइंट लावला तो हळूचा. मोठा लावला असता तर मी खरंच एखाद्या वेळी लावली असती गं गाडी."

मनुबाईंनी हातातला सदरा मांडीवर ठेवला.

"हरिबा कशाला फशिवतोय? गरीब बिचारा. मी हुतो की हितंच, चा घिऊन उभा." आईच्या तोंडी बाईमाणसालाही 'हुतो' असायचं, या भागात असतंच. "हरिबा म्हणला, आवं दादा, मोठा बशिवतो, लोड वाढवून घिऊ, चार तासात गाडी टम्म. तर तुझा बाप म्हणला, नको."

"नको? पैशासाठी?"

"पैशाचं न्हाई गं. म्हणला, हरिबा, ह्येच्यापरास हळूचा हाय का बघ." मनुबाईंच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच वाकडं झालं. "हरिबा टकामका बघाय लागला. म्हणला, दादा, लोक फास्टातला मागत्यात आन् तुमी हळूचा मागताय व्हय? तर म्हणला, आरं गड्या, पेट्रोल हुतं तवा पोरगी आली का दोन दीस ऱ्हायाची. आता सकाळी येती, सांजच्याला पळती. मोठा लावलास तर दुपारच्या जेवणातच भरंल की गाडी. हळूचा असला म्हंजे रातभर लागंल. रातभर लागलं म्हंजे ऱ्हाईल."

संयोगितानं बोचक्यातलं धोतर पुन्हा बाहेर काढून मांडीवर घेतलं.

"मला म्हणला, ताईला सांगू नगंस. तिला वाटंल, बाप आडवतोय." मनुबाईंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "तू मोठ्या पॉइंटाचं बोललीस त्या दिशी रात्री हसत हुता. म्हणला, मनू, पोरगीनं मला अडाणी ठरीवलं. ठरीवू दे. कवातरी वायर लावंलच की."

संयोगिता उठली. पायात चप्पल न घालताच अंगणात आली. दुपार कलली होती, फरशी अजून तापलेलीच होती. आपण गाडी कुठं लावली आहे हे तिनं आत्ता बघितलं. सवयीनं ती मागं मागं घेत सोप्याच्या भिंतीलगतच लावली होती. आज हात हलवायला कुणी नव्हतं, तरी बरोबर तिथंच.

डिकीतल्या पिशवीतून तिनं वायर काढली. कंपनीनं गाडीबरोबर दिलेली, साध्या पॉइंटवर चालणारी. माहेरी ती आजवर पिशवीतून बाहेर आली नव्हती. एक टोक गाडीत, एक टोक भिंतीत. मधे वीतभर वायर उरली. आबांनी अंतर मोजूनच घेतलं असणार.

"शिवू, आता दाब बटन."

"खरंच दाबू? ओरडणार नाहीस?"

"नाही ओरडणार."

टक्. लाल दिवा लागला. गाडीचा हिरवा दिवा डोळे मिचकावू लागला. समोरच्या पडद्यावर आकडा आला: अडतीस टक्के, पूर्ण व्हायला आठ तास दहा मिनिटं. भिंतीवरच्या मीटरमधलं तांबडं चाक, कधीचं तीनवर थांबलेलं, सावकाश चारकडं सरकलं.

राजवर्धनला फोन केला तेव्हा त्याच्यामागं कंपनीतली यंत्रं घरघरत होती. "आज राहतेय. गाडी इथं लावलीय."

"आबांच्या पॉइंटवर?"

"हो."

तो म्हणाला, "युनिटं बघून ठेव. आईंच्या हातात पैसे दे. ते... मोजून घेणार म्हणाले होते ना." त्याच्यामागची घरघर कमी झाली, तो बाहेर आला असावा. "मी घरजावयाचं उगाच बोललो गं तेव्हा."

"तू एकटाच नाही बोललास," संयोगिता म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिघींनी भाकरी आणि भरलं वांगं खाल्लं. शिवू आजीच्या कुशीत सियाचीनचा बर्फ मागत मागत झोपली. आजीला तो सांगता येईना, म्हणून तिनं म्हशीची गोष्ट सांगितली. काही विशेष घडलं नाही. दोन दिवस राहायची तेव्हाही कधी काही विशेष घडत नसे.

पहाटे पावणेपाचला मनुबाईंनी हाक मारली. अजून झुंजूमुंजू व्हायचं होतं. शिवू डोळे चोळत, आजीची शाल अंगावर ओढत बांधावरून चालू लागली. उसाच्या पानांवरचं दव संयोगिताच्या हाताला लागत होतं. विहिरीजवळच्या त्या बांधापाशी आल्यावर मनुबाई थबकल्या, पदर डोक्यावर सारखा केला आणि पुढं झाल्या. पाचला मोटारीच्या पेटीतला दिवा लागला. त्यांनी बटन दाबलं. खोल विहिरीतून घरघर उठली.

शिवू हौदाच्या कठड्यावर हनुवटी टेकून पाईपाच्या तोंडाकडं बघत होती. पाईप आधी नुसता थरथरला. मग आतून हुंकार आला, लांबून, कुणी घसा साफ करावा तसा.

"येतंय, येतंय!"

हाऽऽक् शीं! वारा आणि थोडे तुषार शिवूच्या तोंडावर उडाले, आणि मागोमाग मनगटाएवढी नव्हे, चांगली मांडीएवढी पाण्याची धार हौदात कोसळली. शिवू किंचाळून हसली, उड्या मारल्या, आजीला मिठी मारली, पुन्हा कठड्याकडं धावली. "आबा म्हणाले तस्संच! अगदी तस्संच शिंकला!"

संयोगिता धारेत हात घालून उभी होती. पाणी कोमट होतं. विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं, हे ती विसरूनच गेली होती.

परत आल्या तेव्हा उजाडलं होतं. गाडीचा हिरवा दिवा मिचकावायचा थांबून स्थिर लागला होता. भिंतीवरच्या मीटरमध्ये वीस युनिटं पडली होती. संयोगितानं आतून पर्स आणली आणि दोनशे रुपये आईच्या हातात ठेवले. मनुबाईंनी नाही म्हटलं नाही. आबांच्या फोटोसमोर जाऊन त्यांनी ते उदबत्तीच्या घराखाली ठेवले आणि चुलीकडं वळल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

संयोगिता वायर काढायला वाकली. शिवू बटनाजवळ उभी, ओली शाल अजून अंगावर.

"आई, भरली?"

"भरली बाळा. पूर्ण."

"रात्रभर लागली?"

"हो, रात्रभर."

"पण आपण तर काहीच केलं नाही. नुसतं झोपलो."

"हो. नुसतं झोपायचंच असतं."

शिवूनं बटनावर बोट ठेवलं. दाबलं मात्र नाही. कपाळाला आठ्या घालून ती एकदा गाडीकडं, एकदा मीटरकडं बघत राहिली. शाळेत फळ्यावरचं गणित जुळत नसलं की बघते तशी.

"मग आबा होते तेव्हा आपण का नाही झोपलो इथं?"